गृहकर्ज तोंडावर आहे, जुनं कार्ड बंद करू का?

नमस्कार ताई,

मी ३६ वर्षांची. धायरीत राहते आणि कोथरूडच्या एका शाळेत अकाउंट्स बघते. पगार हातात ३८ हजार येतो. मिस्टर चाकणला नोकरीला आहेत. आम्ही नऱ्ह्याला टू बीएचके बघितलाय. साधारण चार महिन्यांनी ४० लाखांच्या गृहकर्जाला दोघांच्या नावाने अर्ज करायचा आहे.

माझ्याकडे दोन क्रेडिट कार्डं आहेत. एक नऊ वर्षांपूर्वीचं, लिमिट १,२०,०००. ते आठ महिने वापरलेलंच नाही, ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि पुढच्या महिन्यात त्याची वार्षिक फी लागेल, जीएसटी धरून १,१८०. दुसरं चार वर्षांचं, लिमिट ६०,०००. किराणा, पेट्रोल, मुलीची स्कूल बस, सासऱ्यांची औषधं असं सगळं मिळून महिन्याला ३० हजारांच्या आसपास त्यावर जातात. बिल दर महिन्याला पूर्ण भरते, एकदाही उशीर झालेला नाही. मिस्टरांचं कार्ड लॉकडाउननंतर २०२१ मध्ये बँकेशी सेटलमेंट करून बंद केलं, तेव्हापासून घरचा सगळा खर्च माझ्याच कार्डवर असतो. २०१७ मध्ये घेतलेलं स्कूटरचं कर्ज २०२० मध्ये फिटलं.

सासरे म्हणतात, कार्ड म्हणजे कर्जच, घर घ्यायच्या आधी दोन्ही बंद करून मोकळी हो. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, कार्ड बंद केलंस तर सिबिल स्कोअर (कर्ज-कार्डाच्या सवयींवरून मिळणारे गुण) पडेल आणि नऊ वर्षांचं रेकॉर्ड पुसलं जाईल. फी तर भरायची नाहीये. काय करू?

– स. कु., धायरी

प्रिय स. कु.,

आधी उत्तर देते, कारण तुमच्याकडे वेळ थोडा आहे. जुनं कार्ड आत्ता बंद करू नका. घराचे पैसे बँकेतून बिल्डरकडे पोचले की मग खुशाल करा. आणि या आठवड्यात दुसरं एक काम हातात घ्या, जे तुम्ही विचारलेलंच नाही. तुमच्या पत्रातलं मिस्टरांच्या कार्डाबद्दलचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुमचा प्रश्न.

बँकेत सत्तावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा कर्ज विभागात. त्या टेबलावर बसून पाहिलेली गोष्ट सांगते. कार्ड बंद केल्याबद्दल म्हणून कुणाचे गुण कापले जात नाहीत. बंद झालेल्या कार्डाबरोबर त्याचं लिमिट जातं आणि खरा परिणाम तिथून होतो.

तुमचाच हिशेब मांडू. आज दोन्ही कार्डांचं मिळून लिमिट १,८०,००० आहे आणि त्यातले तुम्ही ३०,००० वापरता, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. उद्या जुनं कार्ड बंद केलंत की लिमिट उरलं ६०,००० आणि खर्च तोच ३०,०००. वापर झाला ५० टक्के. तुम्ही एक रुपया जास्त खर्च केला नाही, एक दिवस उशीर केला नाही, तरी कागदावर बाई अर्धं लिमिट संपवून बसलेल्या दिसतात. कर्ज देणारा वापर ३० टक्क्यांच्या आत बघायला मागतो. त्याच्यावर गेलात की ‘यांची ओढाताण चालली असावी’ असा अर्थ काढला जातो, आणि तो अर्थ माणूस काढण्याच्या आधी स्कोअर काढणारं गणितच काढतं.

किती गुणांनी स्कोअर उतरेल ते छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि त्याचं नेमकं सूत्र सिबिल जाहीर करत नाही. त्यामुळे ‘कार्ड बंद केलं की पन्नास पॉइंट जातात’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एवढं मात्र नक्की की परतफेडीच्या इतिहासाच्या खालोखाल लिमिटच्या वापराला वजन आहे, आणि वापर कमी झाला की काही महिन्यांत स्कोअर पुन्हा सावरतो. अर्ज करायचा नसता तर मी इतकी काळजी केली नसती. पण तुमचा अर्ज बरोबर त्या काही महिन्यांत येतोय.

आता मैत्रिणीचं म्हणणं. रेकॉर्ड पुसलं जाईल ही तिची भीती खरी नाही. बंद झालेलं कार्ड तुमच्या कर्ज-कार्डांच्या नोंदींच्या रिपोर्टमध्ये ‘बंद’ म्हणून वर्षानुवर्षं राहतं, वेळेवर भरलेल्या बिलांच्या नोंदींसकट. तुमचं फिटलेलं स्कूटरचं कर्जही तसंच असणार. फक्त त्या कार्डाचं वय तिथे थांबतं आणि चालू खात्यांत तुमचं सगळ्यात जुनं खातं चार वर्षांचं उरतं. पुढे कधीतरी जुनी नोंद रिपोर्टमधून गळतेही, पण त्याला बराच अवकाश आहे. म्हणजे वयाचा मुद्दा आहे, पण तुमच्या बाबतीत तो दुय्यम. लिमिटचा मुद्दा पहिला.

सासऱ्यांचं म्हणणंही उडवून लावू नका. ज्यांच्या हातून महिन्याला फक्त किमान रक्कम भरली जाते त्यांना व्याज लागतं महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. अशा घरांची वाताहत मी टेबलाच्या पलीकडे बसलेली पाहिली आहे. तसं असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं, स्कोअरचं काय व्हायचं ते होऊ दे, कार्ड आजच बंद करा. तुम्ही पूर्ण बिल भरता. तुमच्या घरात कार्डाने कर्ज आणलेलं नाही, ते फक्त महिनाभराची उधारी आहे, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे असायची तशी. सासऱ्यांना हे सांगताना तोंडी समजावत बसू नका. गेल्या वर्षभराची बिलं समोर ठेवा आणि प्रत्येक बिलावरचा व्याजाचा रकाना दाखवा. तिथे शून्य असेल. त्यांच्या पिढीला कागद पटतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आता १,१८० रुपये. ही फी तुम्हाला सलते हे मला समजतं. आधी बँकेला फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: वर्षभरात ठरावीक खर्च झाला तर फी माफ होते का, आणि हे कार्ड बिनफीच्या प्रकारात बदलून मिळेल का. नऊ वर्षांच्या ग्राहकाला बँका बऱ्याचदा फी परत देतात, पण विचारावं लागतं. आपणहून कुणी देत नाही. नाहीच ऐकलं तर फी भरून टाका. त्याचं गणित असं. ४० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के दर धरला तर हप्ता होतो ३४,७१३. दर पाव टक्क्याने वाढला तर ३५,३४८. महिन्याला ६३५ रुपयांचा फरक, वीस वर्षांत दीड लाखाच्या वर. आकडे उदाहरणाचे आहेत, दर बदलत राहतात. पण सिबिल स्कोअरच्या टप्प्यांवर गृहकर्जाचा दर ठरवणाऱ्या बँका आहेत, आपली शिवाजीनगरची बँक ऑफ महाराष्ट्रही त्यात आली, आणि तुम्ही एका टप्प्यावरून खालच्या टप्प्यावर घसरलात तर फरक याच मापाचा असतो. ११८० रुपयांसाठी तो धोका पत्करू नका.

आणि कार्ड ठेवायचं म्हणजे ड्रॉवरमध्ये ठेवायचं नाही. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँक तुम्हाला कळवून बंद करायला घेऊ शकते. कळवल्यावर तीस दिवसांत तुमच्याकडून उत्तर आलं नाही आणि बाकी काही नसेल तर ते बंद होतं. तुमचे आठ महिने झालेत. आणखी चार महिन्यांनी, नेमकं अर्ज करायच्या वेळी, तो एसएमएस येईल आणि घराच्या गडबडीत तुमच्या नजरेतून सुटेल. त्यापेक्षा महावितरणचं बिल या कार्डावर लावून टाका. एवढा वापर पुरे.

तुमच्या छोट्या कार्डाचंही बघू, कारण एकूण वापर १७ टक्के असला तरी त्या एकट्या कार्डावर तो ५० टक्केच आहे आणि काही वेळा कार्डागणिकही बघितलं जातं. बँका बहुतेक वेळा बिलावरची किंवा त्या-त्या दिवशी बाकी असलेली रक्कम कळवतात, आणि २०२५ च्या जानेवारीपासून ही माहिती महिन्यातून निदान दोनदा जाते. तुम्ही बिल आल्यावर एकदम ३० हजार भरता. त्याऐवजी पगार झाला की दहा-बारा हजार आधीच भरून टाका, पुढे पंधरवड्याने पुन्हा दहा. पैसे तेवढेच जातात, पण कोणत्याही दिवशी बाकी बघितली तरी ती १५ हजारांच्या वर फारशी दिसत नाही. थोडा किराणा जुन्या कार्डावर वळवलात तर आणखी सोपं. लिमिट वाढवून घ्यायचा मार्गही आहे, पण त्यासाठी तुमचा रिपोर्ट नव्याने काढणार का ते आधी विचारून घ्या. अर्ज तोंडावर असताना नव्या चौकशीची नोंद नको.

चौकशीवरून आठवलं. बिल्डरच्या साइट ऑफिसात बसणारा एजंट तुम्हाला म्हणेल, ‘मॅडम, पाच बँकांत फाइल टाकतो, जिथे बसेल तिथे घेऊ.’ टाकू देऊ नका. प्रत्येक बँक रिपोर्ट काढते आणि प्रत्येकाची नोंद राहते. आधी तोंडी दर विचारा, कागद बघा, मग एक किंवा फार तर दोन ठिकाणी अर्ज. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने मात्र काहीही कमी होत नाही, तो हवा तितक्यांदा बघा.

आता मिस्टरांच्या कार्डाकडे येते.

तुम्ही लिहिलंय, ‘सेटलमेंट करून बंद केलं’. हे दोन शब्द एकत्र येत नाहीत, आणि याच्यामुळे मी कितीतरी लोकांना माझ्या टेबलासमोर गप्प होताना पाहिलं आहे. बँक फोन करते, अर्ध्यावर मिटवू म्हणते, छान छापील पत्र देते, त्यावर पूर्ण आणि अंतिम असे शब्द असतात. माणसाला वाटतं सुटलो. रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे ‘बंद’ लिहिलेलं नसतं, ‘सेटल्ड’ लिहिलेलं असतं. त्याचा कर्ज देणाऱ्याच्या भाषेत अर्थ एकच: याने पूर्ण पैसे दिले नाहीत, बँकेने उरलेले सोडून दिले. ४६ हजार बाकी असताना २८ भरून मिटवलं असेल तर १८ हजार बुडवले, असा तो वाचला जातो. लॉकडाउनमध्ये पगार कापला गेला होता, माणूस सचोटीचा आहे, यातलं काहीच त्या रकान्यात मावत नाही. मला हे बोलताना वाईट वाटतं, कारण २०२१ मध्ये ज्यांनी सेटलमेंट केली त्यांतल्या बहुतेकांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

अर्ज दोघांच्या नावाने आहे. रिपोर्ट दोघांचे निघणार. तुमचा स्कोअर कितीही देखणा असला तरी सहअर्जदाराच्या रिपोर्टवरचा हा शब्द फाइल अडवू शकतो, आणि तुमच्या एकटीच्या ३८ हजारांवर ४० लाख मंजूर होणार नाहीत. म्हणून जुनं कार्ड, फी, वापर हे सगळं बाजूला ठेवून हे काम आधी करा.

मिस्टरांचा रिपोर्ट मागवा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि चौघींकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, हा तुमचा हक्क आहे. चारही काढा, दोघांचेही. त्यात कार्डाचं खातं शोधा. प्रत्येक महिन्यापुढे छोटे चौकोन दिसतील, त्यांत किती दिवस थकलं ते लिहिलेलं असतं. ००० असेल तर त्या महिन्यात वेळेवर भरलंय. ०३०, ०६० असे आकडे असतील तर तेवढे दिवस थकलं होतं. खात्याची स्थिती काय लिहिली आहे आणि किती रक्कम सोडून दिली ते टिपून घ्या.

मग त्या बँकेला ईमेल करा, फोनवर भागवू नका. विचारा की सेटलमेंटमध्ये सोडलेली रक्कम आम्ही आता भरायला तयार आहोत, ती किती आहे, आणि ती भरल्यावर तुम्ही खात्याची स्थिती ‘सेटल्ड’वरून ‘बंद’ करून चारही कंपन्यांना कळवाल का. होकार लेखी आला की मगच पैसे भरा. भरल्यावर थकबाकी नसल्याचं पत्र घ्या. अशी पत्रं लोक फाइलमध्ये जपतात पण रिपोर्ट बदलला का ते बघत नाहीत. महिन्याभराने पुन्हा रिपोर्ट काढून बघा. बदललेलं नसेल तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरच तक्रार नोंदवता येते. दुरुस्तीला तीस दिवसांची मुदत आहे आणि त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. बँक दाद देत नसेल, तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. त्याला एक पैसा लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

१८-२० हजार आता नव्याने काढायचे म्हणजे टोकनच्या पैशांतून काढावे लागतील, मला कळतं. तरी काढा. उशिराचे जुने चौकोन यामुळे पुसले जाणार नाहीत, पण ‘बुडवलं’ आणि ‘उशिरा का होईना, पूर्ण दिलं’ यांत कर्ज देणारा माणूस फरक करतो. मी करत असे. बँकेने आता पैसे घ्यायला नकार दिला, तसंही होतं, तर सेटलमेंटचं पत्र, त्या वर्षीच्या पगारकपातीची कागदं आणि तुमचा ईमेल हे सगळं अर्जासोबत स्वतःहून जोडा. अधिकाऱ्याने शोधून काढण्याआधी आपण सांगितलेलं केव्हाही बरं.

यात दीड-दोन महिने सहज जातील. चार महिने आहेत तुमच्याकडे. पत्र वेळेत पाठवलंत.

घराचं झालं, कर्जाचा पहिला हप्ता बँकेकडून बिल्डरला गेला की जुनं कार्ड बंद करायला हरकत नाही. ‘गेला की’ म्हणतेय, ‘मंजूर झाला की’ नाही. मंजुरीनंतर पैसे देण्याआधी काही बँका रिपोर्ट पुन्हा बघतात. आणि बंद करताना काय होऊ शकतं ते माझ्याच अनुभवावरून सांगते.

२०१३ मध्ये मी माझं एक कार्ड बंद केलं. बँकेचं नाव महत्त्वाचं नाही. फोन केला, पलीकडच्या मुलीने ‘हो मॅडम, झालं’ म्हटलं, मी कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले आणि विसरले. त्याच सुमारास आम्ही सदाशिव पेठेतलं घर सोडून सहकारनगरला आलो. दोन वर्षांनी भाच्याच्या शिक्षणाच्या कर्जाला जामीन राहिले, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेवटचं बिल भरेपर्यंतच्या दिवसांचं ३३७ रुपये व्याज पुढच्या बिलात लागलेलं होतं. ते बिल जुन्या पत्त्यावर गेलं. त्यावर उशिराचा दंड, दंडावर कर, त्यावर पुन्हा व्याज, असं करत रक्कम चार हजारांच्या पुढे गेली होती आणि चौकोनांत थकल्याचे आकडे चढत गेलेले होते. जन्मभर दुसऱ्यांचे हे चौकोन वाचले, माझे बघताना घशाला कोरड पडली. भाचा शेजारी बसला होता. त्याचं कर्ज दोन महिने रखडलं, कॉलेजची पहिली फी माझ्या मुदत ठेवीतून भरली.

म्हणून तुम्ही असं करा. कार्डावरून वर्षातून एकदा आपोआप जाणारं काही आहे का ते आधी बघा, विम्याचा हप्ता, एखाद्या ॲपची वर्गणी, स्कूटरच्या वेळचं काही. ते दुसरीकडे वळवा. त्या कार्डावर हप्त्यांनी काही घेतलं असेल तर ते आधी संपवा. रिवॉर्ड पॉइंट असतील तर वापरून टाका, बंद झाल्यावर ते मिळत नाहीत. मग बिलावरची पूर्ण रक्कम भरा, एक बिल-चक्र आणखी थांबा आणि पुढचं बिल शून्याचं आलेलं डोळ्यांनी बघा. त्यानंतर बंद करण्याची विनंती ॲपवरून किंवा ईमेलने द्या, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. पोस्टानेच अर्ज पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: सगळी बाकी भरलेली असेल तर विनंतीनंतर कामकाजाच्या सात दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाही झालं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. ही तरतूद ईमेलमध्ये एका ओळीत लिहा. कार्ड ठेवा म्हणून गळ घालणारे फोन लवकर थांबतात.

चुकून जास्त पैसे भरले गेले असतील तर ते तुमच्या बँक खात्यात परत आले पाहिजेत. कार्ड बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा आणि दीड महिन्याने रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे ‘बंद’ आणि बाकी शून्य असं दिसतंय ना ते बघा. तेव्हाही छोट्या कार्डावरचा खर्च पंधरवड्याने भरायची सवय सोडू नका, नाहीतर लिमिट कमी झाल्याने वापर पुन्हा ५० टक्क्यांवर दिसेल. घर मिळाल्यावर दोन-चार महिने स्कोअर थोडा खाली राहिला तरी तुमचं काही अडत नाही, तोवर नवीन कर्ज मागायचं नसतं.

मॉलमध्ये बॅग फुकट देऊन नवीन कार्ड विकणारी मुलं उभी असतात, त्यांना या चार महिन्यांत नुसतं हसून पुढे जा.

आज काय करायचं ते ठरवून सांगते. मिस्टर चाकणहून आले की जेवणं झाल्यावर दोघांचे रिपोर्ट मागवा, आधार आणि पॅन जवळ ठेवा. सेटलमेंटचं पत्र कपाटातून काढा. उद्या महावितरणचं बिल जुन्या कार्डाने भरा. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये ते स्कूटरचं कर्ज ‘बंद’ दिसतंय की अजून ‘चालू’, ते बघून मला दोन ओळी लिहा. फिटलेली कर्जं चालू दिसत राहणं फार वेळा घडतं. तसं असेल तर बँकेला काय लिहायचं तो मजकूर मी पाठवते.